‘डबा’ म्हणून हिणवलेली वॅगनआर आणि कोकण : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्गात वॅगनआर घेण्याआधी आणि घेतल्यावर लोक जे प्रश्न विचारतात त्यांची उत्तरं इथे आहेत. ‘पहिली’ म्हणजे १९९९ ते २०१० ची गाडी, ‘दुसरी’ म्हणजे २०१० ते २०१९ ची आणि ‘तिसरी’ म्हणजे जानेवारी २०१९ पासूनची. तिन्हींचं नाव एक असलं तरी इंजिन, रुंदी आणि दुखणी वेगळी आहेत. त्यामुळे प्रश्न विचारताना कुठली गाडी ते आधी सांगा.

हिला डबा, खोका, फ्रीज का म्हणतात?

बाजूने बघा म्हणजे कळेल. नाक आखूड, काच जवळजवळ उभी, छप्पर सपाट आणि मागचा दरवाजा कपाटासारखा सरळ. डिसेंबर १९९९ मध्ये ही इकडे आली तेव्हा छोटी गाडी म्हणजे मारुती ८०० किंवा झेन असं डोळ्यांत बसलं होतं. झेन बुटकी आणि गोलसर होती. तिच्याशेजारी ही उभी केली की चाकं लहान आणि अंग मोठं दिसायचं. पहिल्या गाडीला नाव पडलं ते या प्रमाणामुळे. तिसरी बरीच रुंद आणि भरलेली दिसते, तरी नाव काही सुटलं नाही.

आमचं मत स्पष्ट आहे. पहिली गाडी देखणी नव्हती. पण लोक हसतात तिच्या उंचीला, आणि तीच उंची कोकणात सगळ्यात जास्त कामाला येते. हिचे खरे दोष दुसरीकडे आहेत. पातळ पत्रा, वाऱ्यात होणारी डुलकी, गंजाच्या ठरलेल्या जागा आणि धडकेतली ताकद. त्यावर चौकात कोणी बोलत नाही.

हा आकार आला कुठून?

जपानमधून. तिथे ‘के-कार’ या वर्गाला करात आणि पार्किंगच्या नियमात सवलत मिळते, पण मापं बांधलेली असतात. १९९३ मध्ये सुझुकीने वॅगनआर आणली तेव्हा या वर्गाला लांबी ३.३ मीटर, रुंदी १.४ मीटर आणि इंजिन ६६० सीसी अशी मर्यादा होती. उंचीला मात्र २ मीटरपर्यंत मोकळीक होती. पुढे-मागे आणि आजूबाजूला वाढता येत नसेल तर वरच वाढायचं. माणूस पाय पसरून बसण्याऐवजी खुर्चीत बसल्यासारखा ताठ बसला की पायांना कमी लांबी लागते. वाचलेली जागा मागच्या सीटला मिळते. आपल्याकडे आलेली गाडी या जपानी गाडीची थोडी रुंद आवृत्ती होती. तिला १०६१ सीसीचं चार सिलिंडर इंजिन होतं.

अशी चेष्टा झालेल्या दुसऱ्या गाड्या आहेत का?

भरपूर. अमेरिकेतली पॉन्टिअ‍ॅक अ‍ॅझ्टेक हे यातलं सर्वात मोठं नाव. २००० मध्ये जनरल मोटर्सने ती बाजारात आणली. मागे लावायचा तंबू आणि पुढच्या दोन सीटमध्ये काढता येणारी शीतपेटी असल्या सोयी तिच्यात होत्या, तरी लोकांनी तोंड फिरवलं आणि २००५ मध्ये ती बंद झाली. इटलीतली फियाट मल्टिप्ला १९९८ ची. चार मीटरच्या आत सहा माणसं, पुढे तीन आणि मागे तीन. काचेखाली दिव्यांचा एक फुगवटा होता, त्यावर इतकी टीका झाली की २००४ मध्ये कंपनीने तो काढून चेहरा साधा केला.

या गाड्यांत आणि वॅगनआरमध्ये फरक किमतीचा आणि गरजेचा आहे. अ‍ॅझ्टेक स्वस्त नव्हती आणि तिच्या ग्राहकाला दुसरे पर्याय होते. इथला ग्राहक आई-वडील, दोन मुलं आणि तांदळाचं पोतं एकाच फेरीत न्यायचं या हिशेबाने गाडी बघतो. २०२१-२२ ते २०२३-२४ अशी सलग तीन आर्थिक वर्षं देशात सर्वाधिक खपलेली कार वॅगनआरच होती.

गुडघेदुखी असलेल्या माणसाला खरंच सोपी पडते का?

हो, आणि या गाडीचा हा सर्वात मोठा गुण आहे. बुटक्या गाडीत खाली बसावं लागतं, मोठ्या जीपवजा गाडीत वर चढावं लागतं. हिची सीट साधारण कमरेच्या उंचीला येते. माणूस पाठमोरा उभा राहतो, बसतो आणि पाय आत घेतो. नऊवारी नेसलेल्या आजीला किंवा नुकतंच गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्या माणसाला हे किती महत्त्वाचं असतं ते घरच्यांनाच ठाऊक. दारही उंच असल्याने डोकं आपटत नाही, आणि पावसात छत्री अर्धी उघडी ठेवून बसता येतं.

घेण्याआधी आई-वडिलांना शोरूममध्ये न्या आणि पुढच्या डाव्या सीटवर तीनदा चढ-उतार करायला सांगा. खळ्यात, म्हणजे घरापुढच्या अंगणात, गाडी उतारावर उभी राहत असेल तर घरी एकदा ट्राय घ्या. उतारावर दार आपोआप मिटतं आणि नेमका त्याचा त्रास होतो.

आमच्या वाडीचा रस्ता दोन गडग्यांच्या, म्हणजे दगडी कुंपणांच्या, मधून जातो. कुठली बसेल?

टेप घेऊन मोजा. पहिली आणि दुसरी १४७५ मिमी रुंद आहे, तिसरी १६२० मिमी. म्हणजे तिसरी साडेचौदा सेंटिमीटर जास्त. यात आरसे धरलेले नाहीत. दोन्ही आरसे उघडे ठेवून चालवायला गडग्यांमध्ये निदान सात फूट हवेत. गडगा वर सरळ असला तरी पायथ्याशी चिरे बाहेर आलेले असतात, म्हणून माप जमिनीपासून एक फूट उंचीवर घ्या. वळण असेल तर नुसत्या मापावर जाऊ नका, ट्रायची गाडी तिथपर्यंत नेऊन बघा.

मधल्या गवताच्या पट्ट्यात दडलेला चिरा हा गाडीच्या ऑइल चेंबरचा शत्रू आहे. चार माणसं बसली की गाडी खाली बसते, मग रिकामी असताना न लागलेला दगड लागतो. चेंबरला ठोकर बसल्याचा आवाज आला तर गाडी थांबवून खाली बघा. थेंब पडत असतील तर इंजिन बंद करा. ऑइलचा दिवा लागेपर्यंत चालवलेलं इंजिन दुरुस्तीला फार महाग पडतं.

उंच आहे म्हणून घाटात किंवा वाऱ्यात पलटी होईल का?

नीट चालवली तर नाही. पण डुलते, हे खरं आहे. तिसरीचं वजन ८०० ते ८५० किलोच्या घरात आणि उंची १६७५ मिमी. मोकळ्या सड्यावर किंवा खाडीच्या पुलावर जून-जुलैचा वारा बाजूने बसला की स्टीअरिंग हलकं होऊन गाडी अर्धा-एक फूट सरकते. अशा ठिकाणी वेग ५० ते ६० वर आणा आणि दोन्ही हातांनी स्टीअरिंग धरा. ट्रक ओलांडताना काळजी जास्त घ्या, कारण त्याच्या आडोशातून बाहेर पडल्याबरोबर झोत बसतो.

आंबा घाट किंवा आंबोली चढताना पाच माणसं आणि एसी असेल तर १ लिटरच्या इंजिनला दम लागतो. अवघड वळणाआधी गिअर खाली घ्या, वळणात नको. अर्ध्या क्लचवर गाडी रोखून धरली की जळका वास येतो. तो क्लच प्लेटचा वास असतो. चढावर थांबायचं तर हँडब्रेक वापरा. ऑटो गिअरवाली गाडी असेल तर अ‍ॅक्सिलरेटर हलका दाबून तिला चढावर धरू नका. तिच्यातही क्लच प्लेटच आहे आणि ती तशीच जळते.

उतरताना ज्या गिअरात चढलात त्याच गिअरात उतरा. न्यूट्रलवर उतरलात तर ब्रेक तापून पेडल मऊ लागतं. ब्रेक ऑइल हवेतली ओल ओढतं आणि किनाऱ्यावर ती भरपूर असते, म्हणून ते दर दोन वर्षांनी बदला, किलोमीटर कितीही झालेले असोत.

आंब्याच्या पेट्या किती बसतात?

पेटीचं माप बागायतदारागणिक बदलतं, म्हणून हिशेब वजनाचा करा. २५० ग्रॅमचं फळ धरलं तर पाच डझनांची पेटी १५ किलो, वर लाकूड आणि पेंढा, म्हणजे १७ ते १८ किलो. दहा पेट्या म्हणजे पावणेदोनशे किलो, जवळजवळ तीन मोठी माणसं. दोघं पुढे बसून मागे दहा पेट्या ठीक. त्यावर आणखी माणसं बसवू नका.

तिसरीची डिकी ३४१ लिटरची आहे, दुसरीची १८० लिटरची. दुसरीत पेट्या न्यायच्या तर मागची सीट पाडावीच लागते. जड पेट्या खाली आणि सीटच्या पाठीला टेकवून ठेवा, डिकीच्या दाराला टेकवून नको. टपावर कॅरिअर लावून पेट्या ठेवणं टाळा. आधीच उंच आणि हलकी असलेली गाडी वरून जड केली की वळणात त्याचा धोका होतो. टायरमधली हवा ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर बघून, भरलेल्या गाडीसाठी दिली आहे तितकी भरा. आणि जेवायला थांबलात तर गाडी सावलीत लावा. बंद काचांच्या गाडीत मे महिन्यात तासाभरात फळ उकडतं.

गंज कुठे लागतो आणि काय करायचं?

इथे थोडं सविस्तर सांगतो, कारण कोकणात गाडी इंजिनाने मरत नाही, पत्र्याने मरते.

आधी दार समजून घ्या. पाऊस काचेवरून ओघळतो आणि काचेच्या बाहेरच्या रबरातून दाराच्या आत उतरतो. हे सगळ्याच गाड्यांत होतं. ते पाणी बाहेर जावं म्हणून दाराच्या खालच्या कडेला, आतल्या बाजूने, लहान भोकं ठेवलेली असतात. आपली लाल माती त्यात जाते, पाण्याने तिचा चिखल होतो, वाळला की भोक लिंपल्यासारखं बंद. मग दार लावताना आत चुळचुळ आवाज येतो. तो ऐकू आला म्हणजे आत पाणी साठलंय. दार उघडून खाली बसा, भोकं शोधा आणि जुन्या ब्रेक वायरच्या तुकड्याने मोकळी करा. टोकदार खिळा वापरू नका, रंग खरवडला की गंज तिथूनच सुरू होतो. लाल पाणी बाहेर आलं तर ते मातीचं आहे की गंजाचं हे बोटावर चोळून बघा. खपल्या हाताला लागल्या तर गंज आहे.

दाराखेरीज मागच्या मडगार्डची आतली कड, दारांखालची पट्टी, डिकीच्या दारात नंबर प्लेटखालचा भाग, बॅटरीखालचा ट्रे, पेट्रोल भरायचा पाइप, ब्रेकचे पाइप आणि सायलेन्सरचा मागचा डबा तपासा. वायपरखालच्या जाळीत आंब्या-फणसाची पानं कुजतात. तिथलं पाणी जायला वाट मिळाली नाही की ते डाव्या बाजूच्या पायाशी येतं. एसीच्या पाण्याशी याची गल्लत होते. कोरड्या दिवशी एसी लावल्यावरच ओल येत असेल तर एसीची निचऱ्याची नळी तुंबलेली आहे. एसी बंद असूनही पावसात ओल येत असेल तर जाळी बघा.

मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात गाडी खालून गोड्या पाण्याने, जोराच्या फवाऱ्याने धुवून घ्या. दोन दिवस उन्हात वाळवा. दिसणारा गंज पॉलिश पेपरने चमकता पत्रा दिसेपर्यंत घासा, मग प्रायमर, मग रंग. शेवटी खालून मेणासारखं अँटी-रस्ट कोटिंग. ओल्या किंवा गंजलेल्या पत्र्यावर काळं डांबरी कोटिंग मारून घेऊ नका. वरून छान दिसतं, पण ओल आत कोंडते आणि पत्रा आतून खातो. दाराखालच्या भोकांना कोटिंगने बुजवलेलं नाही ना, हे गाडी ताब्यात घेताना वाकून बघा. ही चूक फार वेळा होते.

दिवे मंद, स्टार्टर कधी लागतो कधी नाही, असं असेल तर बॅटरी बदलण्याआधी १० नंबरचा पाना घेऊन टर्मिनल आणि बॉडीला आलेली अर्थिंगची वायर उघडा. खाऱ्या हवेने तिथे हिरवट-पांढरी भुकटी धरते. घासा, घट्ट करा, वर पेट्रोलियम जेली लावा.

फेरीबोटीवर चढते का? पुळणीवर न्यायची का?

फेरीबोटीवर मजेत चढते. दाभोळ-धोपावे, जयगड-तवसाळ, वेश्वी-बागमांडला, दिघी-आगरदांडा, सगळीकडे. नाक आखूड असल्याने रॅम्पला बंपर घासण्याचा धोका लांब नाकाच्या गाड्यांपेक्षा कमी. ओहोटीला उतार तीव्र असतो, तेव्हा मागची माणसं उतरवा. रॅम्प शेवाळाने गुळगुळीत असतो, म्हणून पहिल्या गिअरात, एकाच संथ वेगात चढा. बोटीवर गाडी गिअरात आणि हँडब्रेकवर ठेवा. पाणी उडालं असेल तर त्याच दिवशी चाकांच्या आत आणि खालून गोड्या पाण्याने धुवा.

पुळणीवर नेऊ नका. ही पुढच्या चाकांवर ओढणारी हलकी गाडी आहे, टायर अरुंद आहेत. वाळूत रुतली की पुढची चाकं स्वतःसाठीच खड्डा खणतात आणि भरती कोणासाठी थांबत नाही. अडकलीच तर अ‍ॅक्सिलरेटर सोडा, पुढच्या टायरमधली हवा १५ पीएसआयपर्यंत काढा, चाकापुढची वाळू हाताने उपसा, खाली झावळ्या किंवा पायपुसणी घाला आणि दुसऱ्या गिअरात हळू बाहेर काढा. बाहेर आल्यावर आधी हवा भरा.

मी मुंबईत, गाडी गावी. गणपतीनंतर ती शिमग्यापर्यंत उभी असते. काय करू?

जागा आधी निवडा. माडाखाली नको, नारळ पडला तर हिच्या पातळ टपाला खोल पोचा पडतो. काजूखालीही नको, काजूचा चीक रंग जाळतो. प्लॅस्टिकची ताडपत्री गाडीला चिकटवून झाकू नका, आत घाम धरतो. वर पत्र्याची शेड आणि अंगावर हवा खेळणारं कापडी कव्हर ही सर्वात चांगली जोडी.

हँडब्रेक ओढून ठेवू नका. मागच्या ड्रमला ब्रेक शू चिकटतात आणि शिमग्याला गाडी जागची हलत नाही. गिअरात टाका, चाकांना पुढून-मागून चिरे लावा. तरीही चिकटले असतील तर जोर लावून ओढू नका. पहिला आणि रिव्हर्स गिअर आलटून-पालटून, अलगद झटका द्या. नाहीच सुटलं तर चाक काढून ड्रमवर लाकडी हातोडीने कडेने ठोका.

बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा. टायरमध्ये नेहमीपेक्षा ५ ते ६ पीएसआय जास्त हवा ठेवा. टाकी भरून ठेवा, कारण पेट्रोलमधलं इथेनॉल हवेतली ओल ओढतं आणि रिकाम्या टाकीत हवा जास्त असते. उंदीर वायरी कुरतडतात. गाडीत शेंगदाण्याचं एक फोलपटसुद्धा राहू देऊ नका आणि बॉनेटखाली महिन्याला कोणाला तरी डोकावायला सांगा. शेजारचे काका दर पंधरा दिवसांनी वायर जोडून गाडी अर्धा तास रस्त्यावर फिरवणार असतील तर उत्तम. जागेवर पाच मिनिटं सुरू करून बंद करण्याचा मात्र तोटाच होतो. इंजिन तापत नाही आणि सायलेन्सरमध्ये पाणी साठतं.

जुनी घेताना काय बघायचं?

पहिली आता बहुतेक १५ वर्षांपुढची आहे. नोंदणीचं नूतनीकरण झालंय का ते आधी बघा. तिला रबरी टायमिंग बेल्ट असतो. तो कधी बदलला याचं बिल नसेल तर घेतल्या घेतल्या बेल्ट आणि टेन्शनर बदला. दुसरीत ९९८ सीसीचं तीन सिलिंडर इंजिन आलं, त्याला चेन आहे. बंद उभी असताना थोडी थरथर असणं हा तीन सिलिंडरचा स्वभाव आहे, बिघाड समजू नका.

पुराची गाडी ओळखायला शिका. २२ जुलै २०२१ ला चिपळुणात वाशिष्ठीच्या पाण्यात कितीतरी गाड्या बुडाल्या. सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढा. शेवटच्या हातभर पट्ट्यावर मातीची आडवी रेघ असेल तर गाडी सोडा. सीटखालचे रूळ गंजलेत का, स्टेपनीच्या खळग्यात गाळ आहे का, कार्पेटखालचा नमदा ओला आहे का, हेही बघा.

नावावर करताना फॉर्म २९ आणि ३० लागतात. कर्ज असेल तर बँकेच्या सहीचा फॉर्म ३५.

दिसायला बरी करता येईल का?

ऑगस्ट २०१३ मध्ये कंपनीनेच स्टिंगरे नावाने वेगळ्या चेहऱ्याची आणली होती. अंग तेच, नाक नवं. लोकांना आवडली, पण साध्या गाडीपुढे ती टिकली नाही.

बाहेरून लावायच्या क्रोम पट्ट्या घेऊ नका. खाऱ्या हवेने वर्षा-दोन वर्षांत त्यावर काळे ठिपके येतात आणि पट्टीखालचा रंग फुगतो. रुंद टायर लावले की मडगार्डला घासतात आणि इंजिन ओढताना जड होतं. पैसे खर्च करायचेच तर चांगल्या मडफ्लॅप आणि रंगावर मेणाचं पॉलिश यांवर करा.

धडकेत सुरक्षित आहे का?

यावर गोड बोलणार नाही. गाड्या धडकवून तारे देणाऱ्या ग्लोबल एनकॅप या संस्थेच्या चाचणीत २०१९ मध्ये तिसरीला मोठ्या माणसांसाठी पाचपैकी २ तारे मिळाले आणि २०२३ मध्ये त्याच तिसरीला १. बॉडीचा सांगाडा अस्थिर ठरला. २०२५ मध्ये कंपनीने सहा एअरबॅग सगळ्या मॉडेलना दिल्या ही चांगली गोष्ट आहे, पण एअरबॅगने सांगाडा बळकट होत नाही. रोज महामार्गावर ट्रकांमधून लांबचा प्रवास असेल तर जास्त तारे मिळालेली गाडी घ्या. गाव, बाजार, दवाखाना, स्टेशन एवढंच असेल तर ही चालेल. मागच्या सीटवरही बेल्ट लावा.

सीएनजी घ्यावी का?

पंप तुमच्या रोजच्या वाटेवर असेल तर. सिलिंडर डिकी खातो, मग पेट्यांचा आणि सामानाचा वरचा हिशेब मोडतो. सिलिंडरची दर तीन वर्षांनी तपासणी सक्तीची आहे आणि त्याच्या पट्ट्यांचे बोल्ट किनाऱ्यावर लवकर गंजतात.

विकताना रूपामुळे किंमत पडते का?

नाही. जुन्या बाजारात हिला गिऱ्हाईक पटकन मिळतं, कारण पार्ट तालुक्याच्या दुकानात मिळतात आणि कुठलाही मेकॅनिक हात घालतो. भाव पडतो तो गंजामुळे. घेणारा आधी डिकी उघडून स्टेपनी उचलतो, मग दाराखाली बोट फिरवतो. तिथे बोटाला खपली लागली की तो दहा हजार कमी सांगायला सुरुवात करतो. म्हणून विकायच्या आधी बाहेरून पॉलिश मारण्यापेक्षा त्या दोन जागा दुरुस्त करून घ्या आणि केलेल्या कामाचं बिल गाडीच्या कागदांत ठेवा.